डोंगराला तारीख देऊ नये : स्वित्झर्लंडच्या प्रवासाविषयी वाचकांचे प्रश्न

परीक्षांचे वेळापत्रक लागले की या सदराच्या टपालात परदेश प्रवासाचे प्रश्न वाढू लागतात आणि त्यांत स्वित्झर्लंडचा वाटा मोठा असतो. या वेळी सहल कंपनीबरोबर न जाता स्वतः आखणी करू इच्छिणाऱ्या कुटुंबांची पत्रे अधिक आली आहेत, म्हणून त्यांतलीच निवडली आहेत. सारख्या आशयाच्या पत्रांना एकत्र उत्तर दिले आहे.

प्रश्न : आम्ही दोघे, नऊ आणि तेरा वर्षांची मुले आणि अडुसष्ट वर्षांच्या सासूबाई असे पाच जण मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दहा दिवसांसाठी जाणार आहोत. मे महिन्यात हिरवळ आणि बर्फ दोन्ही पाहायला मिळतात असे सगळे सांगतात. ते खरे आहे का आणि त्या वेळी काय बंद असते? (एक वाचिका, सांगली)

उत्तर : सांगणारे खोटे बोलत नाहीत, पण अर्धेच सांगतात. मे महिन्यात दऱ्याखोऱ्यांत हिरवळ असते, कुरणे पिवळ्या फुलांनी भरलेली असतात आणि साधारण दोन हजार मीटरच्या वर बर्फही असते. अडचण आहे ती या दोन्हींच्या मधल्या पट्ट्याची. तिथले बर्फ वितळत असते, पायवाटा चिखलाने भरलेल्या किंवा बंद असतात, आणि बर्फावरच्या खेळांचा हंगाम एप्रिलमध्ये संपून पदभ्रमणाचा हंगाम जूनमध्ये सुरू होत असल्यामुळे अनेक केबल कार याच काळात वार्षिक तपासणीसाठी बंद ठेवल्या जातात. जर्मन भाषिक भागात या बंदीला ‘रेविझिओन’ म्हणतात. हा शब्द एखाद्या शिखराच्या संकेतस्थळावर दिसला, तर त्याखालच्या तारखा वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. ब्रिएन्झ गावातून रोटहोर्नवर जाणारी वाफेच्या इंजिनाची गाडी आणि श्यिनिगे प्लाटेची जुनी डोंगरी गाडी या दोन्ही जूनमध्ये सुरू होतात, म्हणजे आपण परत आल्यावर. फुर्का, ग्रिमझेल, सुस्टेन या उंच खिंडींतले रस्तेही त्या आठवड्यात बहुधा बर्फाखाली असतात.

आपल्या तारखा हलवता येत असतील तर मेचा शेवटचा आठवडा आणि जूनचे पहिले दहा दिवस मी सुचवेन. मुलांची शाळा जूनच्या मध्यास उघडेपर्यंत आपण घरी पोहोचता, दिवस मोठा मिळतो आणि बंद दारे बरीच कमी होतात. मात्र ईस्टरनंतर एकोणचाळीस दिवसांनी येणारा येशूच्या स्वर्गारोहणाचा गुरुवार आणि त्यानंतर दहा दिवसांनी येणारा पेंटेकोस्ट या सुट्ट्या याच सुमारास पडतात. त्या दिवसांत दुकाने बंद आणि हॉटेले भरलेली असतात, त्यामुळे त्या रात्रींचे आरक्षण आधी करावे.

तारखा हलवता येत नसतील तरी निराश होण्याचे कारण नाही, कारण मे हा पाण्याचा महिना आहे. लाउटरब्रुनेनच्या दरीत सुमारे तीनशे मीटरवरून कोसळणारा श्टाउबबाख धबधबा या दिवसांत भरात असतो. त्याच दरीतला ट्र्युमेलबाख तर डोंगराच्या पोटातून फिरत खाली येतो. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ या तीन शिखरांच्या हिमनद्यांचे पाणी वाहून नेणाऱ्या या प्रवाहातून भर हंगामात सेकंदाला वीस हजार लिटरपर्यंत पाणी जाते. बोगद्यातल्या लिफ्टने वर जाऊन तो पाहता येतो, पण पुढच्या पायऱ्या ओल्या असतात, म्हणून सासूबाईंच्या पायांत घसरणार नाहीत असे बूट असावेत. बर्फासाठी युंगफ्राउयोख आणि झेरमाटजवळचे गोर्नरग्राट या दोन्ही ठिकाणच्या गाड्या वर्षभर चालतात.

राहण्याविषयी माझे मत ठाम आहे. दहा दिवसांत सहा गावे करू नयेत, दोनच मुक्काम ठेवावेत. एक ल्युसर्न आणि दुसरा इंटरलाकेन किंवा लाउटरब्रुनेनच्या परिसरात. या दोन ठिकाणांमध्ये थेट गाडीने सुमारे दोन तासांचे अंतर आहे. प्रत्येक ठिकाणी चार-पाच रात्री हाताशी असल्या की कोणत्या दिवशी कोणते शिखर गाठायचे हे हवामान पाहून ठरवता येते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा युंगफ्राउयोखची तिकिटे घरूनच तारखेसकट घेऊन ठेवली होती. त्या दिवशी ३,४५४ मीटरवर जाऊन आम्ही जे पाहिले ते लोणावळ्याला पावसाळ्यात बसच्या खिडकीतून फुकट दिसते. दुसऱ्या दिवशी आकाश निरभ्र होते आणि आम्ही सामान घेऊन पुढच्या गावाच्या गाडीत बसलो होतो.

प्रश्न : स्विस ट्रॅव्हल पास घ्यावा की हाफ फेअर कार्ड? प्रत्येक जण वेगळे सांगतो. (एक वाचक, पुणे, याच आशयाची पत्रे डोंबिवली आणि नागपूर येथूनही)

उत्तर : प्रत्येक जण वेगळे सांगतो, कारण प्रत्येकाचा प्रवास वेगळा असतो. आधी दोन्हींचे स्वरूप समजून घेऊ.

स्विस ट्रॅव्हल पास सलग ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा मिळतो. त्यावर रेल्वे, पिवळ्या टपाल बस, सरोवरांतल्या बोटी आणि बहुतेक शहरांतल्या ट्राम व बस यांतून कितीही वेळा प्रवास करता येतो आणि पाचशेहून अधिक संग्रहालयांत प्रवेश मिळतो. रिगी, श्टान्सरहोर्न आणि श्टोस या तीन डोंगरांपर्यंतचा प्रवासही त्यातच येतो. इतर बहुतेक डोंगरी गाड्यांवर निम्मी सवलत मिळते. खोच युंगफ्राउयोखची आहे. तिथे हा पास ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंतच पूर्ण चालतो आणि त्यापुढच्या महागड्या टप्प्यावर फक्त पंचवीस टक्के सवलत मिळते. सलग नसलेले दिवस निवडता येतील असा फ्लेक्स नावाचा प्रकारही आहे, पण तो अर्थातच महाग पडतो.

हाफ फेअर कार्ड एक महिना चालते आणि त्यावर जवळजवळ सर्व तिकिटे निम्म्या दरात मिळतात. त्यात युंगफ्राउयोखचा वरचा टप्पाही आला. मात्र प्रत्येक प्रवासाचे तिकीट स्वतंत्र काढावे लागते.

यावरून ठोकताळा असा निघतो की जे रोज गाव बदलतात, बोटीत बसतात, संग्रहालये पाहतात त्यांना पास परवडतो. जे एका ठिकाणी तळ ठोकून दोन-तीन उंच शिखरे करतात त्यांना बहुधा कार्ड परवडते. मी वर सुचवलेल्या दोन मुक्कामांच्या आखणीत कार्डाचे पारडे जड होते, पण अंदाजावर जाऊ नये. स्विस रेल्वेच्या एसबीबी या अ‍ॅपवर आपल्या प्रत्येक दिवसाच्या प्रवासाचे पूर्ण भाडे दिसते. वहीत एक रकाना काढून ते लिहावे, निम्मे करावे, त्यात कार्डाची किंमत मिळवावी आणि पासाच्या किमतीशी ताडून पाहावे. अर्ध्या तासाचे काम आहे आणि पाच जणांच्या कुटुंबात त्यातून वाचणारी रक्कम लहान नसते.

मुलांच्या बाबतीत हिशेब सोपा आहे. आई किंवा वडिलांकडे यांपैकी काहीही असले तर ६ ते १५ वर्षांच्या मुलांना स्विस फॅमिली कार्ड विनामूल्य मिळते आणि पालकांबरोबर असताना त्यांना भाडे पडत नाही. हे कार्ड मागावे लागते, आपोआप हाती येत नाही.

दोन गोष्टी पत्रांत कोणी विचारल्या नाहीत, पण विचारायला हव्या होत्या. पहिली म्हणजे साध्या गाड्यांना आरक्षण लागत नाही. ते लागते ग्लेशियर एक्सप्रेस आणि बेर्निना एक्सप्रेस यांसारख्या मोठ्या काचांच्या गाड्यांना, आणि पास असला तरी त्याचे पैसे वेगळे भरावे लागतात. बेर्निनाच्या मार्गावर, म्हणजे २,२५३ मीटरवरच्या ओस्पित्सिओ बेर्निनावरून इटलीतल्या तिरानोपर्यंत, साध्या गाड्याही त्याच रुळांवरून धावतात. युनेस्कोने २००८ मध्ये जागतिक वारसा म्हणून गौरवलेला मार्ग हाच. साध्या गाडीत आरक्षणाचे पैसे वाचतात, खिडकी उघडता येत असल्यामुळे छायाचित्रांत काचेचे प्रतिबिंब येत नाही, आणि मधल्या एखाद्या स्थानकावर मनात आले तर उतरता येते. मला ती अधिक आवडते.

दुसरी गोष्ट फाटे फुटणाऱ्या गाड्यांची. इंटरलाकेन ओस्टहून डोंगराकडे जाणारी गाडी त्स्वाइल्युचिनेन येथे दुभंगते. काही डबे ग्रिंडेलवाल्डला जातात आणि काही लाउटरब्रुनेनला. फलाट तोच, गाडी तीच, म्हणून आम्ही निर्धास्त चढलो आणि सामानासह चुकीच्या दरीत पोहोचलो. डब्यावर आणि फलाटावरच्या फलकावर गावाचे नाव लिहिलेले असते, ते वाचण्याचे कष्ट आम्ही घेतले नव्हते.

प्रश्न : युंगफ्राउयोख, टिटलिस, पिलाटुस, रिगी, शिल्टहोर्न यांपैकी काय निवडावे? वडिलांना रक्तदाबाचा त्रास आहे. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपल्याकडची सहलीची पत्रके युंगफ्राउयोख आणि टिटलिस ही दोन्ही ठिकाणे घालतात आणि प्रवासी दोन वेळा बर्फात गोळे फेकून येतात. माझ्या मते एक उंच बर्फाळ ठिकाण आणि एक मध्यम उंचीचे, सरोवर दिसणारे ठिकाण अशी जोडी अधिक समाधान देते.

उंच ठिकाणांत युंगफ्राउयोखचे आकर्षण त्याच्या रेल्वेत आहे. आडोल्फ गुयर-त्सेलर या उद्योजकाच्या कल्पनेतून १८९६ मध्ये काम सुरू झाले, तो १८९९ मध्येच वारला आणि आयगर व म्योंख यांच्या पोटातून खोदलेला मार्ग १९१२ मध्ये खुला झाला. वर पोहोचल्यावर समोर आलेच ही आल्प्समधली सर्वांत लांब हिमनदी पसरलेली दिसते. डिसेंबर २०२० पासून ग्रिंडेलवाल्डहून आयगर एक्सप्रेस या केबल कारने पंधरा मिनिटांत आयगरग्लेचर स्थानकापर्यंत जाता येते आणि पुढे बोगद्यातली गाडी मिळते. टिटलिस तुलनेने स्वस्त आहे, ल्युसर्नहून सोयीचे आहे आणि गोल फिरणाऱ्या केबल कारमुळे मुलांना आवडते. ते स्थानकही तीन हजार मीटरच्या वर आहे.

मध्यम उंचीत मी रिगीला पहिली पसंती देतो. फिट्झनाउहून वर जाणारी तिची दातेरी रुळांची गाडी १८७१ ची, युरोपातली पहिली डोंगरी रेल्वे, आणि माथा १,७९८ मीटरचा, म्हणजे कळसूबाईपेक्षा थोडासाच उंच. पिलाटुसची चढण थरारक आहे, कारण १८८९ मध्ये सुरू झालेली आल्पनाखश्टाडची दातेरी रेल्वे ४८ टक्क्यांचा चढ चढते आणि तिच्याहून तीव्र चढाची दातेरी रेल्वे जगात नाही. पण ती हिवाळ्यात बंद असते आणि तेव्हा क्रिएन्सच्या बाजूने केबल कारने जावे लागते.

वडिलांच्या बाबतीत निर्णय त्यांच्या डॉक्टरांनी घ्यायचा आहे. त्यांना नेमका आकडा सांगून विचारावे : सहाशे मीटरवरच्या गावातून दीड-दोन तासांत ३,४५४ मीटरवर जायचे आहे, तिथे श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो आणि दोन-तीन तास थांबायचे आहे. परवानगी मिळाली तर वर पोहोचल्यावर पायऱ्या सावकाश चढाव्यात, भरपूर पाणी प्यावे, आणि डोके दुखू लागले किंवा मळमळले तर ‘एवढे पैसे घालून आलो आहोत’ असा विचार न करता पुढच्या गाडीने खाली यावे. उतरणे हाच त्यावरचा खरा उपाय आहे.

दिवस निवडताना शिखरावरच्या कॅमेऱ्यांचे थेट चित्र पाहावे. प्रत्येक शिखराच्या संकेतस्थळावर ते असते आणि अनेक हॉटेलांत न्याहारीच्या वेळी दूरचित्रवाणीवरही चालू असते. उन्हाळ्यात दुपारनंतर ढग आणि गडगडाटी पाऊस येण्याची शक्यता अधिक असल्याने पहिल्या गाड्यांनी वर जावे. शरद ऋतूत याच्या उलट घडते : सकाळी दरीत दाट धुके आणि माथ्यावर लख्ख ऊन असते. त्यामुळे ऑक्टोबरात हॉटेलच्या खिडकीतून धुके दिसले म्हणून बेत रद्द करू नये, आधी कॅमेरा पाहावा.

प्रश्न : आम्ही शाकाहारी आहोत, आई अंडेही खात नाही. घरून काय न्यावे आणि तिथे काय मिळेल? (एक वाचिका, ठाणे)

उत्तर : आधी काय नेऊ नये ते सांगतो, कारण त्यात चूक होते. युरोपीय संघाबाहेरील देशांतून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ स्वित्झर्लंडमध्ये नेण्यास प्रवाशांना मनाई आहे. म्हणजे साजूक तूप, पेढे, खव्याच्या पोळ्या, पनीर यांना बॅगेत जागा नाही. ताजी फळे आणि भाज्यांनाही वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय बंदी आहे. त्यातून केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन एवढी पाचच फळे सुटतात. तिथल्या नातलगांसाठी हापूसची पेटी घेऊन निघणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. कढीपत्त्याची जुडी आणि हिरव्या मिरच्याही याच नियमात येतात.

मेतकूट, भाजणी, चटण्या, गोडा मसाला, तेलातल्या दशम्या, पोहे, लाडवांऐवजी गूळपापडी असे कोरडे पदार्थ, आणि तेही दूध-तूप न वापरलेले, न्यावेत. मात्र हॉटेलच्या खोलीत विजेच्या कुकरवर खिचडी शिजवू नये. बहुतेक ठिकाणी ते नियमाविरुद्ध असते, धुराची घंटा वाजली तर अग्निशमन दल येते आणि त्याचा खर्च आपल्या माथी पडू शकतो. चार-पाच रात्रींचा मुक्काम असेल तर स्वयंपाकघर असलेले भाड्याचे घर घ्यावे. पाच जणांच्या कुटुंबाला ते हॉटेलच्या दोन खोल्यांपेक्षा पुष्कळदा स्वस्त पडते. किराणा मिग्रोस आणि कोओप या दुकानांतून घ्यावा. दूध, दही, तांदूळ, मसूर, भाज्या सगळे मिळते. रविवारी ही दुकाने बंद असतात आणि शनिवारी संध्याकाळी लवकर मिटतात. मोठी स्थानके आणि विमानतळ यांवरच्या शाखा तेवढ्या रविवारी उघड्या असतात. शनिवारी रात्री पोहोचणाऱ्या कुटुंबाने हे लक्षात ठेवले नाही तर रविवारची सकाळ बिस्किटांवर जाते.

उपाहारगृहांत केवळ ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही. ग्रुयेरसारखी पारंपरिक चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने दूध फाडून करतात, त्यामुळे कडक पाळणाऱ्यांना ती चालणार नाहीत. फोंड्यू या वितळलेल्या चीजच्या पदार्थात पांढरी वाइन आणि बहुधा चेरीची किर्श ही दारू असते. रोश्टी म्हणजे किसलेल्या बटाट्याची खरपूस थालीपिठासारखी भाजी, पण तिच्यात ‘श्पेक’, म्हणजे डुकराचे खारवलेले मांस, घालण्याची पद्धत आहे, म्हणून मागवताना विचारावे. स्विस पास्त्यात अनेकदा अंडे असते. वेष्टनावरचे घटक मोबाइलच्या कॅमेऱ्यातून भाषांतर करून वाचता येतात. पिवळ्या वर्तुळातले व्ही हे अक्षर शाकाहारी पदार्थाची खूण आहे, परंतु आपल्या हिरव्या ठिपक्यासारखे ते अंडे नसल्याची हमी देत नाही. अंडे, दूध काहीच नको असेल तर त्या खुणेखाली व्हीगन असे लिहिलेले पाहावे. झ्युरिकला एक दिवस असाल तर १८९८ पासून चालू असलेल्या हिल्ट्लमध्ये आईंना अवश्य न्यावे; जगातले सर्वांत जुने शाकाहारी उपाहारगृह म्हणून त्याची नोंद आहे आणि तिथे पदार्थ वजनावर विकत घेता येतात.

पाणी विकत घेण्याची गरज नाही. नळाचे पाणी पिण्याजोगे असते आणि गावोगावच्या चौकांत वाहणारी कारंजीही, जर त्यांवर पिण्यायोग्य नसल्याची पाटी नसेल तर. एकट्या झ्युरिकमध्ये अशी बाराशेहून अधिक कारंजी आहेत. प्रत्येकाजवळ बाटली असली की झाले.

प्रश्न : फ्रान्समध्ये चार, स्वित्झर्लंडमध्ये सहा आणि इटलीत तीन रात्री राहणार आहोत. विमान पॅरिसला उतरते. व्हिसा कोणाचा घ्यावा? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : स्वित्झर्लंडचा. जिथे मुक्काम सर्वाधिक, त्या देशाकडे अर्ज करायचा असतो. रात्री समसमान असतील तरच पहिल्या प्रवेशाचा देश पाहतात. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण डिसेंबर २००८ पासून शेंगेन क्षेत्रात आहे, त्यामुळे एकाच व्हिसावर तिन्ही देश होतात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्यातली गर्दी पाहता दोन-तीन महिने आधी केलेला बरा. शुल्क प्रौढांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५ युरो आहे. परतीच्या तारखेनंतर तीन महिने पारपत्र वैध असावे आणि ते गेल्या दहा वर्षांत दिलेले असावे.

किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. स्वस्त पॉलिसी निवडताना डोंगरावरून सुटका करण्याचा खर्च तिच्यात येतो का, हे पाहावे. हेलिकॉप्टरने आणावे लागले तर ते बिल विमा नसलेल्याला जड जाते. हवाई सुटका करणाऱ्या रेगा या संस्थेचा दूरध्वनी १४१४, रुग्णवाहिकेचा १४४ आणि सर्वसाधारण आपत्कालीन क्रमांक ११२ आहे. नियमित औषधे प्रवासापुरती, म्हणजे महिन्याभराच्या आत, मूळ वेष्टनात आणि इंग्रजीतल्या चिठ्ठीसह न्यावीत.

प्रश्न : गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालवावी का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : पहिल्या प्रवासात तरी घेऊ नये. जिथे जायचे असते तिथेच गाडी जात नाही : झेरमाट, वेंगेन, म्युरेन ही गावे माथेरानसारखी मोटारमुक्त आहेत, आणि दस्तुरी नाक्यावर ठेवतो तशी गाडी टेश किंवा लाउटरब्रुनेनला ठेवून रेल्वे वा केबल कारनेच पुढे जावे लागते. तरीही घ्यायची असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना बरोबर ठेवावा, महामार्गासाठी ४० फ्रँकची वार्षिक व्हिन्येट, म्हणजे पथकर भरल्याची खूण, गाडीवर आहे याची खात्री करावी, आणि वेगमर्यादा, म्हणजे वस्तीत ५०, बाहेर ८० आणि महामार्गावर १२०, अक्षरशः पाळावी. तिथले दंड जबर आहेत आणि ते भाड्याच्या कंपनीमार्फत घरापर्यंत येतात. घाटात मागून तीन सुरांचा भोंगा ऐकू आला तर ती पिवळी टपाल बस आहे, तिला वाट द्यावी.

प्रश्न : आम्ही दोघे निवृत्त आहोत, सिंहगड महिन्यातून एकदा चढतो. तिथे पायी फिरता येईल असे काही? (एक वाचक दांपत्य, पुणे)

उत्तर : सिंहगड चढणाऱ्यांना तिथे मेजवानी आहे. पायवाटांच्या पाट्या वाचायला शिकावे. साध्या पिवळ्या पाट्या सोप्या वाटांच्या असतात. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरी वाट, जिथे चांगले बूट आणि उंचीची भीती नसणे आवश्यक आहे. पांढरा-निळा-पांढरा पट्टा दिसला तर आपण परत फिरावे, ती गिर्यारोहकांची वाट आहे. पाट्यांवर बहुधा किलोमीटर नसतात, तास आणि मिनिटे असतात, आणि ती न थांबता चालणाऱ्याची असतात. फोटो आणि चहा धरून दीडपट वेळ मोजावा, आणि वर जातानाच शेवटच्या केबल कारची वेळ टिपून घ्यावी, कारण ती अनेकदा संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास असते.

सुरुवातीला रिगी काल्टबाडहून श्याइडेगकडे जाणारी वाट निवडावी. या वाटेवर १९३१ पर्यंत रेल्वे धावत असे. रूळ निघाले, पण रेल्वेचा मंद चढ, एक बोगदा आणि लोखंडी पूल राहिला, त्यामुळे सुमारे सात किलोमीटर जवळजवळ सपाट चालत सरोवर पाहता येते. जून उजाडल्यावर मेनलिखेनहून क्लाइने श्याइडेगची वाट उघडते. ती दीड तासाची आहे, उताराची आहे, आणि आयगर, म्योंख, युंगफ्राउ तिन्ही शिखरे सारा वेळ समोर असतात.

एक सावधगिरी गायींविषयी. वाट कुरणातून जाते आणि कुंपणाचे फाटक आपणच उघडून आपणच लावायचे असते. वासरे बरोबर असलेल्या गायी आपल्याकडच्या गोठ्यातल्या गायींसारख्या समजू नयेत. त्या वासराच्या राखणीसाठी अंगावर येतात. पाठीवर हात फिरवायला न जाता लांबून वळसा घ्यावा.

प्रश्न : चार्जर, सिम, पैसे, टिप आणि खरेदीवरील कराचा परतावा यांविषयी थोडक्यात सांगावे. (अनेक वाचक)

उत्तर : तिथला विजेचा दाब २३० व्होल्ट म्हणजे आपल्यासारखाच, पण प्लग वेगळा असतो. मोबाइलच्या बारीक दोन पिनांचा चार्जर तिथल्या सॉकेटमध्ये बसतो, परंतु सॉकेट भिंतीत षटकोनी खाचेत असल्यामुळे जाडजूड अंगाचा चार्जर आत शिरत नाही. स्विस अ‍ॅडाप्टर एक तरी घ्यावा.

सिम घेताना ‘युरोप’ या शब्दावर जाऊ नये. युरोपीय संघातल्या अनेक योजनांत स्वित्झर्लंड नसते, त्यामुळे यादीत देशाचे नाव वाचावे.

चलन स्विस फ्रँक आहे. काही दुकाने युरो घेतात, पण दर त्यांचा असतो. कार्ड बहुतेक सगळीकडे चालते; यंत्राने रुपयांत पैसे घेऊ का असे विचारले तर नको म्हणून फ्रँक निवडावे, कारण रुपयांचा दर महाग लावलेला असतो. स्थानकावरच्या स्वच्छतागृहासाठी एक-दोन फ्रँकची नाणी खिशात असावीत. गाडीतले स्वच्छतागृह मोफत असते, म्हणून उतरण्यापूर्वी आटोपावे. सेवेचे पैसे बिलातच असतात, वर रक्कम पूर्णांकात करून दिली तरी पुरेसे आहे. हॉटेलात नाव नोंदवताना पाहुण्यांचे कार्ड मिळते का, हे विचारावे; इंटरलाकेनच्या परिसरात त्यावर स्थानिक बस मोफत असतात.

कराचा परतावा एका दुकानात किमान ३०० फ्रँकची खरेदी केली तरच मिळतो. सध्याचा सर्वसाधारण दर ८.१ टक्के आहे. फॉर्म दुकानातच, पारपत्र दाखवून भरून घ्यावा. विमानतळावर वस्तू दाखवाव्या लागू शकतात, म्हणून घड्याळे आणि चाकू असलेली बॅग विमान कंपनीकडे सोपवण्याआधी सीमाशुल्क कार्यालयात जाऊन शिक्का घ्यावा. चाकू मात्र त्यानंतर आठवणीने त्याच बॅगेत ठेवावा, हातातल्या पिशवीत नव्हे. सुरक्षा तपासणीत तो काढून घेतला जातो आणि परत मिळत नाही.